वळणावरचं डिझेल

हे कधी कुणाच्या हाती लागलं तर आधीच माफी मागते. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, आणि अक्षर असं, की किराण्याची चिठ्ठी दिली तरी दुकानदार मलाच वाचायला लावतो. शाळा चौथीपर्यंत झाली. चार माणसांत बोलायला मी बिचकते, म्हणून इथं लिहिते.

मला आगगाड्यांचा नाद आहे. बसायचा नाही, बघायचा. माहेर कवठे महांकाळचं. अब्बा बांगड्या विकायचे. मिरजेहून माल घेऊन ते बारक्या गाडीनं परत यायचे. अरुंद रुळांवरून डुलत येणारी ती गाडी. मी अब्बांना आणायला जायची, पण बघता बघता गाडीचीच वाट बघायला लागले. पुढं तिथले रूळ रुंद झाले आणि ती गाडी बंद पडली. नंतर अब्बाही गेले. दोघांचा एकही फोटो नाही.

लग्न होऊन कुंडलजवळच्या वस्तीवर आले. मालक गाद्या भरतात, मी उशांच्या खोळी शिवते. घरामागं ऊस, आणि उसापलीकडं मिरजेची लाईन मोठं वळण घेते. त्या वळणावर डिझेल इंजिन जोर लावायचं तेव्हा घरातली भांडी थरथरायची आणि उसाच्या तुऱ्यांवर काळा धूर रेंगाळायचा. इंजिनांचे नंबर मला आपोआप पाठ व्हायचे. ओळखीचं इंजिन परत आलं की माहेरचं माणूस आल्यासारखं वाटायचं.

मग ऐकलं, लाईनवर तारा येणार, गाड्या विजेवर चालणार. मनाशी ठरवलं, बारकी गाडी हातची गेली, हे डिझेल तसं जाऊ द्यायचं नाही. वळणावरचा एक चांगला फोटो काढायचाच. मोबाईलवर पळती गाडी फिसकटल्यासारखी यायची. पलूसला एक स्टुडिओवाला दुकान बंद करून जुना कॅमेरा विकत होता. पैसे नव्हते, म्हणून बायकांच्या बचत गटात कर्ज मागितलं. आमच्या गटाची रीत अशी, की कर्ज कशाला हवं ते सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं.

"बोला भाभी, कशाला पायजे?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

मी सतरंजीकडं बघत म्हणाले, "कॅमेरा."

"लग्नाच्या ऑर्डरी घेताय व्हय?"

"न्हाई. रेल्वेच्या इंजिनाचा फोटो काढायचा हाय."

एकच हशा झाला. "आगं बया! त्यापरास शेरडू घ्या की. इंजिन काय दूध देतंय?"

"व्हय, पर शेरडागत पाला तरी मागत न्हाई," दुसरी म्हणाली.

"गप बसा गं," अध्यक्षबाई ओरडल्या. "हप्ता येळेवर आला म्हंजे झालं. मग इंजिनाचा काढू द्या न्हाईतर विमानाचा."

माझे कान तापले होते, पण पैसे मिळाले. स्टुडिओवाल्यानं शिकवलं, की गाडीच्या मागं पळायचं नाही. रुळावरची एक जागा आधी धरून ठेवायची आणि गाडी तिथं आली की बटण दाबायचं. ते मला लवकर जमलं.

तोवर तारांचं काम वळणावर आलं होतं. निळा तंबू, शिड्या, तारेची रिळं, भगव्या जाकिटातली माणसं. प्रत्येक फोटोत काहीतरी आडवं यायचं. मी संध्याकाळी फोटो बघायची आणि पुसून टाकायची. कार्ड भरलं तर ऐनवेळी पंचाईत, असं वाटायचं.

मालक एकदा मागून डोकावले. "चांगला हाय की. का पुसतीस?"

"शिडी आलीय मधी."

"आगं, शिडीबी हायच की तितं."

मला ते पटलं नाही. काम संपेल, पसारा निघेल, मग मोकळ्या वळणावर मनासारखा फोटो घेऊ, असं म्हणत राहिले. पुढं लग्नसराई आली, खोळींचा ढीग पडला आणि वळणाकडं जाणं कमी झालं.

एक दिवस मालक कापूस पिंजताना थांबले. "गाडीचा आवाज बदललाय बघ. काळा धूरबी दिसंना झालाय."

मी तशीच कॅमेरा घेऊन गेले. वळण स्वच्छ होतं. तंबू नाही, शिडी नाही, मला हवं होतं तसं. गाडी आली ती विजेच्या इंजिनाची, अलगद आली आणि गेली. मी बटण दाबलं नाही. पुढं रोज जात राहिले. अजून एखादं डिझेल येतं म्हणतात. मी असताना कधी आलं नाही.

मग घरी कॅमेऱ्यातले फोटो पुन्हा पुन्हा चाळले. वाळत घातलेल्या खोळी होत्या, शेजारणीची शेळी होती, रिकामे रूळ होते. डिझेल एकही नव्हतं. सगळी मी माझ्या बोटानं पुसली होती. पुसलेले फोटो परत मिळतात असं कळलं म्हणून इस्लामपूरला एका कॉम्प्युटरच्या दुकानात कार्ड नेलं. त्या माणसानं बराच वेळ खटपट केली. शेवटी म्हणाला, "ताई, त्या जागेवर तुम्ही नवे फोटो काढलेत. जुने आता निघायचे नाहीत." त्यानं माझ्याकडून काही घेतलं नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं. परतीच्या एसटीत तोंडाला पदर लावून बसले.

हप्ते मात्र राहिले होते. ज्या फोटोसाठी कर्ज काढलं तो नाही, आणि त्याच्यासाठी दर महिन्याला खोळी शिवायच्या. गटात कुणीतरी विचारायचं, "भाभी, दावा की इंजिन." मी म्हणायची, "काढायचं हाय अजून." पुढं त्यांनी विचारायचं सोडलं.

या महिन्यात शेवटचा हप्ता दिला. अध्यक्षबाईंनी नोटा दोनदा मोजल्या. "फिटलं बगा भाभी. पुना पायजे का काय?"

मी मान हलवून नको म्हटलं. कर्ज सगळं फिटलं.