ओल्या लुगड्याचं प्रकरण

ब्रिटिश अमलात कोकणातल्या साध्या बायका रोज काय नेसत होत्या, यावर मी पुस्तक लिहितेय, आणि त्या काळच्या सरकारी साहेबांनी माझं डोकं उठवलंय. इथे आखातात, रिग्गईतल्या फ्लॅटमध्ये लॅपटॉप उघडून मी त्यांचे जिल्ह्याजिल्ह्यांचे अहवाल वाचते. पुरुषांच्या पागोट्यांवर पानभर मजकूर. बायका? लुगडं आणि चोळी, संपलं. एक साहेब म्हणतो शेतावरच्या बायका चोळी घालतात, शेजारच्या तालुक्यातला म्हणतो घालत नाहीत. फोटो पाहावेत तर स्टुडिओतले. मागे पडद्यावर रंगवलेला बगिचा, अंगावर ठेवणीतलं लुगडं.

माझं घोडं अडलं ते एका साध्या प्रश्नावर. जिच्याकडे एकच लुगडं, ती ते धुतल्यावर काय नेसत असेल?

"अर्धं नेसून अर्धं वाळवत असेल," नवरा म्हणाला. तो रिफायनरीत इंजिनिअर. त्याला सगळंच सोपं वाटतं.

"असेल म्हणून छापू?"

"मग करून बघ."

केलं. एप्रिलमधल्या एका शुक्रवारी सुट्टीसाठी खैरानला समुद्रकाठचं छोटं घर, इथल्या भाषेत शॅले, भाड्याने घेतलं होतं. गावाहून आणलेलं जाडंभरडं सुती नऊवारी टी-शर्टवर नेसले, कासोटा खोचला आणि कमरेएवढ्या पाण्यात जाऊन आले. मग अर्धं लुगडं कसंबसं गुंडाळलं, उरलेलं पिळून त्याचं टोक नवऱ्याच्या हातात दिलं.

"हलू नकोस, ओढलं जातंय," तो म्हणाला.

चहा ठेवायला आत जावं म्हटलं, तर जाता येईना. वाळेपर्यंत बाई जागेवरच खिळलेली! तिचं पाणी, तिची चूल, रडणारं पोर कोण बघत असेल? हे एकाही साहेबाला सुचलं नव्हतं. मी मनातल्या मनात अख्खं प्रकरण लिहून काढलं.

तेवढ्यात लुगडं वाळलंसुद्धा.

पायरीवर बसलेली माझी लेक म्हणाली, "आई, धिस इज अ डेझर्ट. कोकणात चार महिने पाऊस असतो ना?"

नवरा हसला. मला मात्र रडूच आलं. गरम वाऱ्यात उभं राहून मी पावसाळ्यातल्या बाईचा अभ्यास करत होते.

शेवटी प्रकरणात सरळ लिहिलं, की पावसाळ्यात ती काय करत होती हे मला कुठेच सापडलं नाही. पुण्याहून संपादकांचा फोन आला.

"वाचकांना असं अर्धवट आवडत नाही हो. थोडी कल्पना लढवा."

"साहेबांनी तिला एका ओळीत उरकलं. आता मी तिच्याबद्दल थापा मारू?"

बरीच हुज्जत झाली, पण वाक्य राहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुखपृष्ठाचं चित्र पाठवलं. भातखाचरात वाकलेली बाई, नाकात नथ, अंगावर पैठणी.

मी पुन्हा फोन लावला.