हवालदारकाकांचं खरं नाव

त्यांचं नाव मी इथे लिहिणार नाही. एकदा लिहिलं होतं, चांगल्या वळणदार अक्षरात, तेवढं पुष्कळ झालं. गल्ली त्यांना हवालदारकाका म्हणायची, मीही तेच म्हणेन.

मध्यभारत राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. होळकर सरकारची फौज मोडली होती. माझे वडील ज्या दफ्तरात कारकून होते, ते हिवाळ्यात ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदूरला, असं बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरायला लागलं होतं. मी मॅट्रिकच्या वर्गात होते आणि स्वतःला भलतीच शहाणी समजत होते. आमच्या इंदूरच्या शाळेतल्या एका बाईंनी मुलींचं सेवापथक काढलं. सव्वीस जानेवारीला शाळेच्या मैदानावर जुन्या शिपायांचा सत्कार करायचा असं ठरलं. आम्ही घरोघर जाऊन त्यांची माहिती लिहून आणायची, त्या दिवशी त्यांना टांग्यातून आणायचं, ओवाळायचं, खांद्यावर शाल घालायची. माझं अक्षर चांगलं, म्हणून वही माझ्याकडे आली. मग काय, मला आकाश ठेंगणं झालं.

हवालदारकाका आमच्याच गल्लीच्या टोकाला एका खोलीत राहायचे आणि पोलोग्राउंडकडच्या एका कारखान्यावर चौकीदारी करायचे. बायको गेलेली, मूलबाळ नाही. पहिल्या मोठ्या लढाईत ते खच्चरांच्या पलटणीबरोबर समुद्रापार जाऊन आले होते. त्यांचा सगळा जीव जुन्या शिपायांच्या मंडळात होता. त्या मंडळाची एक रीत होती. कुणी गेला की बाकीचे सगळे आपापले जुने कोट घालून यायचे, तिरडीला खांदा द्यायचे, कदम मिळवून चालायचे आणि निघताना त्यांच्यातला एक म्हातारा बिगुल वाजवायचा. काकांचा कोट ट्रंकेत घडी करून ठेवलेला होता. मधूनमधून ते त्याची पितळी बटणं घासत बसत.

"मला रडायला कोण आहे गं?" ते म्हणायचे. "पण खांदा द्यायला अख्खी पलटण आहे! बिगुल वाजेल तेव्हा तुझ्या आईला म्हणावं, खिडकी उघडी ठेव. ऐकण्यासारखा वाजवतो बुढ्ढा."

संक्रांतीच्या सुमाराला मी वही घेऊन त्यांच्याकडे गेले. तिळगूळ दिला. त्यांनी मला तिळाची गजक दिली आणि खाटेवर बसवलं. मी मोठ्या ऐटीत विचारलं, "काका, पूर्ण नाव सांगा." त्यांनी गल्लीला ठाऊक होतं ते नाव सांगितलं. मग दार लोटून घेतलं आणि म्हणाले, "हे थोरल्याचं नाव आहे, बेटा."

भरती झाला होता त्यांचा थोरला भाऊ. सुट्टीवर घरी आला आणि तापानं चार दिवसांत गेला. घरात दुसरं कमावणारं कुणी नाही. गावातल्याच एका जमादारानं आईला सांगितलं, "धाकट्याला पाठव. गिनती पुरी पाहिजे, तोंड कोण बघतो?" सोळा वर्षांचा धाकटा थोरल्याचं नाव घेऊन पलटणीत गेला, लढाईवर गेला, परत आला आणि म्हातारा झाला. खरं नाव घेणारी आईच होती, ती गेल्यावर ते नाव कुणी घेतलं नाही. ते त्यांनी मला सांगितलं आणि म्हणाले, "हे तुझ्यामाझ्यातलं हो. लिहू नको."

आणि मी लिहिलं. मेलं ते वयच तसं. मला वाटलं, केवढा अन्याय! आपलं राज्य आलंय, आता खऱ्याला कसली भीती? मंचावरून चारचौघांत त्यांचं खरं नाव पुकारलं जाईल आणि म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी येईल, असं चित्र मी मनात रंगवून ठेवलं. खाली थोरल्याच्या नावासकट शेरासुद्धा लिहिला, की भाऊ वारल्यावर त्याच्या जागी गेले आणि त्याच्याच नावानं नोकरी केली. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी विचारलं, "काय लिहिलंस, वाच बरं." मी वहीत बघून थोरल्याचं नाव वाचून दाखवलं. गंमत म्हणून! त्यांनी खाली अंगठा उठवला. शाईचं बोट त्यांनी डोक्याच्या केसांना पुसलं ते अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे.

वडील घरी असते तर वही बघून त्यांनी माझ्या कानाखाली वाजवली असती. ते ग्वाल्हेरला होते.

सव्वीस तारखेला काका कोट घालून पहिल्या रांगेत बसले होते. बाईंनी मंचावरून नाव वाचलं. कुणी उठेना. पुन्हा वाचलं. काका इकडेतिकडे बघत होते, जसं दुसऱ्याच कुणाला बोलावत आहेत. तिसऱ्यांदा वाचल्यावर मी जाऊन त्यांचा हात धरला आणि हसत म्हटलं, "काका, तुमचंच!" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. जत्रेत हात सुटलेलं पोर बघतं तसं पाहिलं. उठले, शाल घेतली, पण मी ओवाळताना त्यांची मान एवढी खाली होती की टिळा कपाळाऐवजी केसांना लागला.

शेजारीच मंडळाचे प्रमुख बसले होते, जुने सुभेदार. ते मोठ्यानं म्हणाले, "ये कौन? ह्या नावाचा माणूस आमच्या फौजेत नव्हता."

पुढचं सगळं कागदांनी केलं. प्रमाणपत्रं द्यायची म्हणून शाळेनं माझी वही सरकारी कचेरीत पाठवली. तिथून उत्तर आलं की या नावाचा शिपाई नोंदीत नाही, आणि ज्याच्या नावानं पेन्शन जाते तो मनुष्य मयत असल्याचं घेणाऱ्यानंच अंगठा उठवलेल्या शेऱ्यावरून दिसतं. पेन्शन बंद झाली. मंडळाची बैठक झाली आणि काकांचं नाव काढून टाकलं. कुठलं काढलं ते देव जाणे.

मी सुभेदारांच्या घरी गेले, रडले, चूक माझी आहे म्हणाले. ते वाईट नव्हते. म्हणाले, "बाई, तो चांगला माणूस आहे. पण बोगस माणसाला बिगुल वाजवला तर बाकीच्यांना काय तोंड दाखवू? बूंद से गई वो हौद से नहीं आती."

उन्हाळ्यात वडील परत आले. सगळं ऐकून कपाळाला हात लावून बसले. "अगं, दफ्तरात खरं नाव नसतं. कागदावर असतं तेच नाव," एवढंच म्हणाले, आणि अर्ज लिहायला घेतला. सरकारी काम अन् सहा महिने थांब, ही म्हण आमच्यापुरती शब्दशः खरी झाली. साहेब इंदूरला तेव्हा जुनी कागदपत्रं ग्वाल्हेरला, कागदपत्रं इकडे यावीत तर साहेब तिकडे. अर्जाचं उत्तर कधीच आलं नाही.

काकांकडे जायला मला महिने लागले. मला वाटत होतं, त्यांनी मला शिव्या द्याव्यात, वाटल्यास हाकलून द्यावं. त्यांनी चहा केला. म्हणाले, "नाव चांगलं वाचलं हो बाईंनी. आईनंतर पहिल्यांदा ऐकलं." मी रडायला लागले तेव्हा म्हणाले, "पण पोरी, ते नाव घेऊन मी कुठं गेलोच नव्हतो. लढाईवर गेला तो थोरला. मी तर काहीच केलेलं नाही." कोट खुंटीवर होता. बटणं काळी पडली होती.

पुढच्या हिवाळ्यात ते गेले. वडील पुन्हा ग्वाल्हेरलाच. कारखान्यातले दोघं, गल्लीतला टांगेवाला आणि समोरचा दूधवाला, असे चौघं कसेबसे जमले. सुभेदारांकडे मी निरोप पाठवला होता. कुणी आलं नाही. तिरडी आमच्या घरावरून गेली तेव्हा चौघांचे पाय चार तऱ्हेने पडत होते. आईने खिडकी उघडी ठेवली होती. मी तिला काही सांगितलं नव्हतं, तिला काकांनीच कधीतरी सांगितलं असणार. आम्ही दोघी तिथे बराच वेळ उभ्या राहिलो.

तासाभरानं टांगेवाला धापा टाकत परत आला. हातात चिठोरं होतं. "दिदी, मसाणातला मुन्शी नाव विचारतोय. कुणी हे सांगतं, कुणी ते. तुम्हाला पक्कं माहिती आहे ना? लिखके दे दो."

मी दौत घेतली, टाक बुडवला. थोरल्याचं लिहावं तर ते मीच खोटं पाडलेलं. धाकट्याचं लिहावं तर त्या नावाच्या माणसानं उभ्या आयुष्यात काहीच केलेलं नव्हतं, असं तो स्वतःच सांगून गेलेला. टाकाची शाई वाळली. पुन्हा बुडवला. टांगेवाला दारात पाय बदलत उभा होता. शेवटी म्हणाला, "जाने दो दिदी, चौकीदार लिखवा देता हूँ."

मी चिठोरं कोरंच परत दिलं. माझं अक्षर चांगलं, म्हणून तो माझ्याकडे आला होता.