सुनीलच्या कोड्याला दोन उत्तरं का आली

सुनील गेला हे कळल्यावर मला पहिल्यांदा काय वाटलं ते सांगितलं, तर तुमच्यातले निम्मे मला अनफ्रेंड करतील.

वाटलं, आता रविवारी लोक माझं कोडं सोडवतील.

हो, तेच वाटलं. रडू नंतर आलं.

सुनील मूळचा रोहिणखेडचा, बुलढाण्यात जमीन मोजणीच्या ऑफिसात होता. आमच्या कोड्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा मी ॲडमिन. शाळेत गणित शिकवतो, आकड्यांच्या चौकटींची कोडी रचतो. दर रविवारी "वा सर" ऐकायची सवय लागली होती.

मग हा आला.

याचं कोडं म्हणजे एखादा ऑडिओ. तो ॲपमध्ये उलटा वाजवायचा, त्यातून आकडे निघणार, ते ऑनलाइन नकाशावर टाकायचे, तिथं उत्तर. कॉलेजच्या पोरी, रिटायर्ड मंडळी, सगळे वेडे झाले.
माझ्या कोड्याखाली दोन अंगठे. त्यातला एक बायकोचा.

जळलो. दुसरा शब्द नाही.

मी नियम काढला: कागद-पेन्सिलीनं सुटेल तेच कोडं चालेल. कारणही छान दिलं. खेड्यातल्या बटन फोनवाल्यावर अन्याय नको.

त्याचा फोन आला.
"सर, काऊन नाही चालत?"
"बटन फोनवाल्यानं काय करायचं?"
"तो व्हॉट्सॲपवर आलाच कसा मंग?"

तोच पुढे म्हणाला,

"मी वावर मशीननं मोजतो सर. म्हनून काय मशीनच मोजते का? उभं कुठं राहाचं हे मलेच ठरवा लागते."

पटलं. म्हणूनच जास्त राग आला. म्हटलं, "नियम म्हणजे नियम."
"बरं सर. तुमच्या नियमानं करतो."

पंधरा दिवसांत त्यानं कागदी कोडं पाठवलं. माझ्याच प्रकारचं, आकड्यांचं. माझ्यापेक्षा भारी.

आमच्या ग्रुपची रीत अशी की नवं कोडं आधी ॲडमिनकडे येतं. ॲडमिन ते स्वतः हातानं सोडवतो, उत्तर एकच निघतंय ना ते बघतो. मगच ते ग्रुपवर जातं.

तीन दिवस बसलो. सुटेना.
आणि तसं त्याला सांगायला जीभ रेटेना.

शेवटी मुलीच्या लॅपटॉपवर कोडी सोडवणारा प्रोग्राम लावला. त्यानं क्षणात उत्तर दिलं. मी सुनीलला लिहिलं, "कागदावर सोडवलं. अर्धा तास लागला."

तो प्रोग्राम पहिलं उत्तर सापडलं की थांबतो. दुसरं आहे का, ते बघत नाही.

दुसरं होतं.

रविवारी ग्रुपवर दोन उत्तरं आली आणि सुनीलची सगळ्यांनी टर उडवली. "दोन उत्तरवाला" हे नाव तेव्हाच पडलं. मी वर साळसूदपणे लिहिलं, "होतं असं कधीकधी."
खरं सांगतो, मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी तो बस स्टँडजवळ भेटला. चहा घेता घेता हळूच म्हणाला, "सर, कागदावर सोडवलं असतं तं दोन वाटा दिसल्या असत्या तुम्हाले."

एवढंच. मग स्वतःच्या पोरीच्या ॲडमिशनचं बोलत बसला.

ग्रुपवर त्यानं यातलं काही सांगितलं नाही. कधीच नाही. त्याच्या जागी मी असतो तर माझ्या मेसेजचा स्क्रीनशॉट टाकून मोकळा झालो असतो.

काल त्याला हार्ट ॲटॅक आला. आज सकाळपासून ग्रुपमधले तुम्ही सगळे प्रेमानंच लिहून राहिलात, "आपला दोन उत्तरवाला गेला."

ते थांबवा.

कोडं रचताना त्याच्याकडून चूक राहिली. ती पकडायचं काम माझं होतं, आणि मी खोटं बोललो. लाज माझी आहे. त्याच्या नावाला चिकटवू नका.

कागद-पेन्सिलीचा नियम आज काढून टाकला. त्यात माझा मोठेपणा काही नाही. ज्याच्यासाठी केला होता तोच राहिला नाही.

तुमचे मेसेज वाचताना आत्ताही जळतोय. माझ्यासाठी एवढं कोण लिहील, असं वाटतंच.

सुनील, हे तुझ्या तोंडावर बोलायला पाहिजे होतं. नाही बोललो.

तुला तुझ्या सरांचा नमस्कार.