एप्रनच्या खिशातला रोटर

बेथेस्डात पाऊस पडला नाही असा दिवस दाखवा आणि बक्षीस घ्या. अशा गावात जुन्या गाड्या सकाळी रुसणारच, आणि त्यांची समजूत काढायला इदवल प्रिचर्डच लागायचा. चावी फिरवल्यावरचा आवाज ऐकूनच तो सांगायचा, "वायरीत ओल शिरलीय," नाहीतर, "डिस्ट्रिब्युटरच्या झाकणाला तडा गेलाय, बघ." झाकण काढायचा, शेगडीपाशी शेकायचा, पुसायचा, की गाडी सुरू. वर गिऱ्हाइकाला टोमणा ठरलेला, "बायकोला छत्रीत घेतोस, आणि हिला भिजत ठेवतोस होय रे?"

आता त्याचं गॅरेज बंद झालं होतं आणि इदवलची स्मरणशक्ती हळूहळू विरत चालली होती. मागच्या महिन्यात त्यानं गाडी चॅपलसमोरच्या फुटपाथवर चढवली. एक बाई थोडक्यात वाचली. डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली, पण इदवल कुणाच्या बापाचं ऐकतोय! शेवटी त्याच्या बायकोनं, नेस्तानं, डिस्ट्रिब्युटरच्या झाकणाखालचा रोटर काढून एप्रनच्या खिशात टाकला. अंगठ्याएवढा तुकडा, पण तो नसला की प्लगपर्यंत ठिणगी पोचतच नाही.

ही युक्ती तिनं लग्नाच्या पहिल्या वर्षीही केली होती. इदवल भांडून आईकडे निघाला होता. झाकण उघडताच त्याला चोरी कळली. हसत हसत आत आला आणि हात पुढे करून म्हणाला, "टाक, चोरटे!" भांडण तिथंच मिटलं.

आज ती खिडकीतून बघत होती. गाडी सुरू होऊ नये म्हणून तिनंच रोटर लपवला होता, आणि त्याला ते कळावं म्हणून तीच देवाला विनवत होती. एवढं ओळख रे. मग हवं तेवढं भांड माझ्याशी.

इदवलनं चावी फिरवली. नुसतीच घरघर. त्यानं मान तिरकी करून ऐकलं, बॉनेट उघडलं, झाकण काढलं. आत बराच वेळ पाहत राहिला. मग घरात आला आणि त्यानं हात पुढे केला.

नेस्ताचा जीव भांड्यात पडला. रडत-हसत तिनं रोटर त्याच्या तळहातावर ठेवला.

"हे काय?" त्यानं तो उलटसुलट करून पाहिला. "कुणाच्यातरी गाडीतलं दिसतंय. जपून ठेव गं, बिचारा पावसात अडकला असेल कुठंतरी. मला टॉवेल दे. झाकण ओलं झालंय."

झाकण कोरडं ठाक होतं. नेस्तानं टॉवेल आणून दिला. तो मन लावून पुसत बसला, तेव्हा तिनं रोटर त्याच्या समोरच टेबलावर ठेवला. आता तो लपवायची गरज उरली नव्हती.