चाहूल न देणारा बॉस

माझ्या भाच्याला जगात माणसं दिसतच नाहीत. दिसतात ते फक्त बॉस. गेममध्ये प्रत्येक टप्प्याच्या शेवटी वाट अडवून एक बलदंड उभा असतो, त्याला पाडल्याशिवाय पुढचं दार उघडत नाही, आणि त्याला बॉस म्हणतात, हे ज्ञान मला उतारवयाच्या उंबरठ्यावर त्याच्याकडूनच झालं. बारावी झाल्यावर तो होटगीहून सोलापूरला आमच्याकडे राहायला आला, गेम डिझाइनचा कोर्स करायला. ‘गेम खेळायचा कोर्स?’ असं आमच्या हिनं विचारलं तेव्हा, ‘खेळायचा न्हाय मामी, खेळवायचा,’ असं त्यानं ऐकवलं होतं. तेव्हापासून घरात, गल्लीत, बाजारात जो दिसेल त्याला तो टप्पे पाडून द्यायला लागला. सिटी बसचा कंडक्टर? ‘हा पयल्या टप्प्याचा हाय मामा. सुट्टे दिले की पडतो.’ कोपऱ्यावरचं कुत्रं? ‘हे नुसतं भुकतंय. बॉस न्हाय, पहारेकरी हाय.’ रेशन दुकानदाराबद्दल मात्र त्याला खरा आदर. ‘ह्येचे तीन अवतार हायेत. आधी अंगठा उमटंना म्हणतो. अंगठा उमटला की मशीन बंद म्हणतो. मशीन चालू झालं की जेवायला जातो. काय डिझाइन हाय!’ असं म्हणून तो पिशवी तशीच रिकामी घेऊन हसत घरी यायचा, आणि मग त्याची गाठ आमच्या हिच्याशी पडायची.

ही त्याच्या मते जगातली सगळ्यात प्रामाणिक बॉस. त्याचा एक सिद्धांत होता, की चांगला बॉस वार करायच्या आधी चाहूल देतो. हात मागे नेतो, नाही तर डोळे लाल करतो, नाही तर पाय आपटतो. तेवढ्या वेळात खेळणाऱ्यानं बाजूला व्हायचं. चाहूल न देता मारणारा बॉस म्हणजे अन्याय. असा बॉस करणाऱ्या पोराला त्यांच्या मॅडम वर्गासमोर उभं करतात म्हणे. ‘मामीचंच बघा,’ तो मला समजावून सांगायचा, ‘आधी भांडं आपटती, मग बोलती. मधी आपल्याला अंगणात जायला येळ मिळतो.’ त्यावर आतून ही ओरडायची, ‘मेल्या, तुला अंगणात जाताना मी कधी बघितला नाही, तू ताटावरच असतोस!’ ते खरंच होतं. कडक भाकरीचा चुरा, त्यावर शेंगाची चटणी आणि दही, हे ताट पुढे असलं की कुठलाही वार अंगावर घ्यायची त्याची तयारी असे. एकदा तर वाराची वेळ बसवायची म्हणून भर दुपारी गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींमधून काठी घेऊन तो तासभर उड्या मारत होता, तेही लोकरीची टोपी घालून, कारण त्याच्या पात्राच्या डोक्यावर तशी टोपी होती आणि ती घालून पळताना घाम कुठून गळतो हे त्याला बघायचं होतं. सोलापूरचा उन्हाळा, त्यात लोकरीची टोपी! मागच्या घरातल्या यंत्रमागवाल्यांची तेलुगू आजी ‘एमैंदिरा?’, म्हणजे काय झालं रे, म्हणत लिंबू-मिरची घेऊनच वर आली. त्यानं तिलाही सोडलं नाही. लिंबू उतरवून घेता घेता तिचा हात कसा फिरतो ते बघून घेतलं, आणि पुढच्या आठवड्यात त्याच्या गेममध्ये एक चेटकीण अगदी तश्शीच हात फिरवायला लागली.

पात्र तयार करणं हा त्याच्या अभ्यासातला दुसरा भाग, आणि लोकांना जास्त त्रास त्याचाच. बाजारात तो कुणाचंही नाक, कुणाचीही चाल टक लावून बघत बसायचा. वर विचारायचा, ‘तुमाला धा गुण दिले तर ताकदीला किती घ्याल, अकलेला किती, नशिबाला किती?’ भाजीवाली म्हणाली, ‘समदे जिभेला दे बाबा, बाकीचं ती बघती.’ आमच्या कॉलेजच्या ऑफिसातला शिपाई, ‘नशिबाला सगळे,’ म्हणाला, आणि थोड्या वेळानं परत येऊन, ‘एक अकलेला ठेव, नशीब आलेलं कळायला पाहिजे की,’ असं सांगून गेला. सगळ्यांचं सगळं तो टिपून ठेवायचा. मला मात्र त्यानं कधी विचारलं नाही. मी कुठल्या टप्प्याचा, हेही कधी सांगितलं नाही. एकदा हिनंच छेडलं, ‘आणि तुझे मामा रे?’ तर भाकरी मोडता मोडता म्हणाला, ‘मामांचं अजून ठरंना.’

मी कमी बोलणारा माणूस. ऑफिसात कारकुनी करून करून एक शब्द माझ्या जिभेवर कायमचा बसलाय: बघू. दाखला मागायला पोरं आली, बघू. रजेचा अर्ज आला, बघू. ह्या शब्दात नाही म्हटल्याचं पाप नाही आणि हो म्हटल्याची जबाबदारी नाही. घरीही तेच. पंखा बदलू या का, बघू. लग्नाला जायचं का, बघू. ही वैतागून म्हणते, ‘तुमच्या दहाव्याला भटजी विचारतील, पिंड ठेवू का, तर आतून आवाज येईल, बघू.’ मी पेपर वर धरतो. पेपर वर धरला की माणूस घरात असून नसतो.

शेवटच्या सत्राला त्याला काम दिलं होतं: एक पात्र तयार करायचं आणि एका बॉसशी त्याची लढाई बसवायची. बॉस कितीही अवघड चालेल, पण त्याला हरवायची एक तरी वाट पाहिजेच. वाट नसेल तर काम नापास. मंगळवारी द्यायचं होतं. रविवारी दुपारी त्यानं लॅपटॉप आणून माझ्यापुढे ठेवला. ‘मामा, एकदा खेळून बघा की. गेममधलं काही कळत न्हाय असाच माणूस पायजे.’

मी काठ्या, राक्षस, चेटकीण असलं काहीतरी धरून चाललो होतो. पडद्यावर एक खोली आली. आमचीच बाहेरची खोली. खुर्ची, भिंतीवर कॅलेंडर, आणि खुर्चीत पेपर वर धरून बसलेला माणूस. माणसाचे पाय दिसत होते आणि पेपर धरलेली बोटं. बाकी नुसता पेपर. मग दारातून एक बाई आत आली. हातात कापडी पिशवी, चाल डावीकडे किंचित कललेली. आत येऊन तिनं पदर कमरेला खोचला आणि उभी राहिली. काही बोलायच्या आधी पदर खोचायची सवय माझ्या धाकट्या बहिणीची. भाच्याची आई. तिला जाऊन बरीच वर्षं झाली. तिची चाल मी विसरलो होतो. पोरानं ती जपून ठेवली होती.

‘ह्ये बटण दाबा. ‘इचार’ लिवलंय ते.’

मी दाबलं. बाईनं मान वर केली. पेपरामागून अक्षरं बाहेर आली: बघू. आणि तिच्या डोक्यावरची जिवाची हिरवी पट्टी थोडी कमी झाली. पुन्हा दाबलं. बघू. पट्टी आणखी कमी. तिचा खांदा उतरला. मी दाबत राहिलो, कारण दुसरं बटणच नव्हतं, आणि प्रत्येक वेळी ती थोडी वाकत गेली. पट्टी संपली तेव्हा तिनं पिशवी उचलली आणि दारातून निघून गेली. खोलीत पेपर तेवढा राहिला. खाली लिहून आलं, ‘पुन्हा खेळणार?’

आत हिनं भांडं आपटलं. आम्ही दोघंही हललो नाही.

‘ह्याला हरवायचं कसं?’ मी विचारलं.

‘तेच तर घोडं आडलंय. मॅडम म्हणत्यात वाट पायजे. मला घावंना.’ तो माझ्याकडे बघत नव्हता, पडद्याकडे बघत होता. ‘आई हितं यायची तवा मी संगं असायचो की. ती इचारायची, तुमी बघू म्हणायचा. का म्हणायचा, तेवढं सांगा. रागानं न्हाय इचारत मामा. मला काढायचंय.’

आणि मी काय म्हणालो असेन? वाचणाऱ्यानं ओळखलंच असेल. मी म्हणालो, ‘बघू.’

तो हसला. लहानपणी हसायचा तसा, खांदे उडवून. मग लॅपटॉप मिटून आत गेला, आणि सोमवारभर त्यानं कुणाला बॉस म्हटलं नाही. दिवसभर घर कसं ओसाड वाटलं. हिनं दोनदा विचारलं, ‘काय झालंय पोराला?’ मी पेपर वर धरला, आणि माझी बोटं माझ्याच डोळ्यांना दिसायला लागली.

मंगळवारी त्याची बस चुकली, म्हणून मी स्कूटरवर सोडायला निघालो. मागे बसलेल्या माणसाचं तोंड दिसत नाही, हे बरं असतं. तलावाच्या कडेनं जाताना मी बोललो. वाऱ्यात त्याला काही ऐकू आलं नाही. ‘काय?’ तो कानाशी ओरडला. जन्मात एकदा धीर केला, तोही वाऱ्यावर गेला! पुढे सिग्नल लाल झाला. मी पाय टेकले, हेल्मेट काढलं आणि चारचौघांत मोठ्यानं म्हणालो, ‘मला पहिल्याच दिवशी कळलं होतं.’

आणि मग थांबता येईना. तिनं ‘दादा, काखेत गाठ लागतीय, एकदा दवाखान्यात दाखवून येऊ,’ म्हटलं, त्याच खोलीत, त्याच शब्दांत आमच्या आईनंही म्हटलं होतं. आईला मीच नेलं होतं. दवाखान्यात आजाराचं एक नाव सांगितलं गेलं, आणि त्या नावानंतरची आई ही आई राहिली नव्हती. तिचं सगळं मी बघितलं होतं. होटगीच्या बाईला शहरातल्या दवाखान्यात जायचं तर शहरातल्या भावानं न्यायचं, हे आमच्यात न बोलता ठरलेलं; म्हणून ती नवऱ्याकडे नाही, माझ्याकडे येत राहिली. आणि मला वाटायचं, नेलं नाही तर नाव निघणार नाही. नाव निघालं नाही तर काही झालेलंच नाही. दिवाळीपासून ऊन तापेपर्यंत मी बघू म्हणत राहिलो. शेवटी तिचा नवरा रेल्वेतली ड्यूटी बुडवून घेऊन गेला तेव्हा डॉक्टरांनी त्यालाच विचारलं, इतके दिवस काय करत होता? त्यानं मान खाली घातली. शेजारी मी उभा होतो. मीही खाली घातली, आणि लोकांनी त्याच्याकडे बघितलं, ते मी बघू दिलं.

सिग्नल हिरवा झाला होता. मागून रिक्षावाला ओरडला, ‘ओ काका, चला की! घरचं घरी बोला!’

‘भ्या वाटत हुतं व्हय तुमाला?’ भाचा म्हणाला.

‘व्हय,’ मी म्हणालो. ही आमच्या गावाकडची बोली माझ्या तोंडून किती वर्षांनी आली कुणास ठाऊक.

तो कोर्सच्या इमारतीपाशी उतरला, पिशवी खांद्याला लावली, दोन पावलं जाऊन परत आला. त्याचे डोळे भरलेले होते आणि चेहरा रागाचा होता, दोन्ही. ‘बाबाला तुमी सांगायचं,’ म्हणाला. ‘मी न्हाय सांगणार.’ आणि जाता जाता, जणू स्वतःशीच, ‘म्हंजे चाहूल हुती तर. आमाला दिसली न्हाय.’

त्या रविवारी होटगीला जाऊन मी मेहुण्याला सांगितलं. तो रुळाकडे बघत बसला. मग म्हणाला, ‘चहा घे.’ त्याहून जड असं काही मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

त्या मंगळवारीच मॅडमकडून संध्याकाळपर्यंतची मुदत घेऊन भाच्यानं काम दिलं. पास झाला, गुण बेताचे पडले. बॉस म्हणून जो काढला तोच खेळणाऱ्याच्या हातात द्यायचा, असं कुणी सांगितलं नव्हतं, असं मॅडम म्हणाल्या म्हणे. आता तो पुण्यात एका कंपनीत मोबाइलवरच्या गेममधल्या कोंबड्या काढतो. साहेब कुठल्या टप्प्याचा हे फोनवर सांगतो. जुना लॅपटॉप माझ्याकडे ठेवून गेलाय. बरेच दिवस मी तो उघडला नाही. परवा उघडला.

आता सुरुवातीलाच दोन पात्रं येतात, हवं ते निवडा: पिशवीवाली बाई किंवा पेपरवाला माणूस. मी माणूस निवडला. खोली आता पेपराच्या आतल्या बाजूनं दिसते. ती दारातून येते, पदर खोचते, आणि तिनं तोंड उघडायच्या आधी पेपर थरथरायला लागतो. एवढा, की अक्षरं वाचता येत नाहीत. खाली दोन शब्द येतात. एक ‘बघू’. एक ‘चल’. आणि हाताची सवय बघा, पहिल्या खेपेला माझं बोट ‘बघू’वरच पडलं. ती पिशवी उचलून गेली.

दुसऱ्यांदा ‘चल’ दाबलं. माणसानं पेपराची घडी घातली. चपला शोधल्या, एक खुर्चीखाली गेली होती, माझी नेहमी जाते तशी, ती त्यानं वाकून काढली. दोघं दारापर्यंत गेली. दाराबाहेर काहीच नव्हतं. पांढरा पडदा.

मी त्याला फोन करून विचारलं, ‘अरे, बाहेरचं काढलं नाहीस?’

‘कुटनं काढू मामा?’ तो म्हणाला. ‘तुमी दोघं कधी गेलाच न्हाय की.’ आणि मग, ‘सुट्टीला येतो. तुमी रस्ता सांगा, मी काढतो.’

जिभेवर तो शब्द आला होता. गिळला आणि म्हणालो, ‘ये.’

तेव्हापासून मी तो रस्ता आठवतोय. गल्लीच्या तोंडाला चहाची टपरी. मग गिरणीची लांब भिंत, तिच्या सावलीनं ती चालली असती. पुढे कडुनिंब. आणि चौकात बांगड्यांचं दुकान. तिथं ती थांबल्याशिवाय राहिली नसती, दुखणं असो, काही असो. ‘दादा, पाचच मिनिटं,’ म्हणाली असती. मी तिची पिशवी धरून उन्हात उभा राहिलो असतो.