बाबांनी नाही म्हटलं नव्हतं

माझ्या कंपनीच्या हळदीच्या पाकिटामागे माझा फोटो आहे आणि त्याखाली एक ओळ आहे: ‘वडील नाही म्हणाले, लेकीने करून दाखवलं.’ ही ओळ खोटी आहे. मीच लिहिली, मीच छापली, आणि तिच्याच जिवावर मी मोठी झाले.

बाबा हळद शिजवायचे. कुरुंद्यात आमची वीतभरही जमीन नव्हती, पण हळद निघाली की लोक बाबांना बोलवायला घरी यायचे. पार डोंगरकडा गावाहून यायचे. हळद कमी शिजली तर आत कच्ची राहते, जास्त शिजली तर रंग जातो, आणि दोन्हीत शेतकऱ्याची वर्षाची मेहनत मातीत. बाकीचे काडी टोचून बघायचे. बाबा कढईपासून चार हात लांब उभे राहून वास घ्यायचे आणि म्हणायचे, "काढा." मोठमोठे बागायतदार त्या एका शब्दासाठी थांबून राहायचे. बौद्धवाड्यातल्या मजुराच्या शब्दाला एवढी किंमत आहे, याचा मला लहानपणी फार गर्व होता.

धंद्याची कल्पनाही त्यांचीच. मी बी.ए. झालेली, लग्न होऊन वसमतला आलेली आणि घरात नुसती बसलेली. एका हंगामात बाबांनी मजुरी म्हणून हळदच घेतली आणि दोन पोती माझ्या दारात आणून टाकली. म्हणाले, दळून विक. 

"बाबा, माझ्यानं न्हाई व्हायचं. बाईमाणसाचं काम न्हाई हे."

"काहून न्हाई? हळद शिजल्याचा वास तुला माझ्याआधी येतो. मंग इकायला काय तकलीफ हाय?"

पुढे महिनाभर ते माझ्या स्कुटीवर मागे बसले, पाकिटांची पिशवी मांडीवर घेऊन. हिंगोली, कळमनुरी, नरसीला देवळाकडच्या रस्त्यावरची दुकानं. आत मी बोलायचे, ते बाहेर उभे राहायचे. मी तोंड पाडून बाहेर आले की ते विचारायचे नाहीत काही. "पुढलं दुकान," एवढंच म्हणायचे.

धंदा जरा उभा राहिल्यावर मी नांदेडला एका प्रशिक्षणाला गेले. उद्योजक बायकांनी पर्सनल ब्रँड कसा उभारायचा, हा विषय. शिकवणारा गृहस्थ हुशार होता. म्हणाला, हळद सगळ्यांकडे आहे, तुमची गोष्ट फक्त तुमच्याकडे आहे. लोक आधी माणसावर विश्वास ठेवतात, मग मालावर. हे मला आजही पटतं. मग त्याने विचारलं, तुम्हाला अडवलं कुणी? मी म्हणाले, कुणीच नाही. त्याचा चेहरा उतरला.

"मॅडम, अडवणारा नसेल तर गोष्ट उभी राहत नाही. नीट आठवा, कुणीतरी असेलच."

मी आठवलं नाही, मी निवडलं. नवऱ्याचं नाव घेतलं असतं तर रोज त्याचं फुगलेलं तोंड बघावं लागलं असतं. सासूचं घेतलं असतं तर तिने त्याच संध्याकाळी माझी बिनपाण्याने केली असती. बाबा जाब विचारणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून बाबा. माझीच भीती मी त्यांच्या तोंडी घातली. "बाईमाणसाचं काम न्हाई हे," असं मी त्यांच्या आवाजात म्हणून दाखवलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या, दोघी-तिघी रडल्या.

टाळीची चटक वाईट. मेळावे झाले, बचत गटांची शिबिरं झाली, कॉलेजात भाषणं झाली, आणि प्रत्येक ठिकाणी बाबा थोडे जास्त कठोर होत गेले. कुणीतरी व्हिडिओ काढला, तो फिरला. दुकानदार मला नावाने ओळखू लागले. मग ते वाक्य पाकिटावर आलं.

बाबांनी तो व्हिडिओ चहाच्या टपरीवर, दुसऱ्याच्या मोबाइलवर पाहिला. घरी येऊन आईला एवढंच विचारलं, "म्या असं कवा म्हणलो होतो का गं?" आईने मला फोन केला. मी म्हणाले, अगं, भाषणात असं असतं. आई म्हणाली, "मंग मायचं नाव घ्यायचं व्हतं. माझं तोंड तरी हाय, म्या बोलले असते."

नंतर एक दिवस कॅमेरा घेऊन दोघं जण कुरुंद्याला आले. त्यांना वडीलही हवे होते.  बाबा धुतलेला पांढरा सदरा घालून खुर्चीवर बसले. बरोबर आलेल्या मुलीने विचारलं, "आजोबा, तुम्ही लेकीला का अडवलंत?" बाबांनी माझ्याकडे पाहिलं. एक शब्द बोलले असते तर माझं सगळं दुकान तिथेच बंद झालं असतं, आणि तो शब्द खरा होता.

"अडवलं होतं," बाबा म्हणाले. "आडाणी माणूस मी. मला काय कळतंय."

ते लोक गेल्यावर मी विचारलं, "बाबा, काहून असं बोललात?"

"तुला खोटी म्हणले असते लोकं. मी येडा ठरलो तर काय बिघडून राहिलं, माय?"

बिघडलं. त्याच हंगामात डोंगरकड्याच्या एका शेतात बाबा "काढा" म्हणाले, तर मालक सगळ्यांसमोर हसत म्हणाला, "सोताची लेक वळखता आली न्हाई, हळद काय वळखतो तू?" त्याने गंमतच केली असेल. पण त्यानंतर बाबा कुणाच्या कढईवर गेले नाहीत. गुडघे दुखतात म्हणाले. त्यांचे गुडघे मी जन्मभर पाहिलेत, ते कधी दुखत नव्हते.

पुढच्या भाषणात खरं सांगून टाकू, असं मी दर वेळी ठरवायचे. पुढचं भाषण झालं की त्याच्या पुढचं. मला लाज वाटायची, पण टाळी लाजेपेक्षा मोठी वाजते. यंदा उन्हाळ्याच्या तोंडाशी बाबा चार दिवसांच्या आजाराने गेले, आणि पुढचं भाषण राहिलं नाही.

पुण्यानुमोदनाला घरापुढे मांडव घातला. भंतेजींनी वंदना घेतली. मग रिवाजाप्रमाणे एकेक जण गेलेल्या माणसाबद्दल बोलायला उठला. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने त्यांच्या नाकाची आठवण सांगितली, तेवढीच काय ती बाबांची. पुढचे सगळे माझ्याबद्दल बोलले. गावातले एक गुरुजी म्हणाले, त्यांनी विरोध केला म्हणूनच ही लेक घडली.

मी उठून माइक घेतला. म्हणाले, बाबांनी मला कधीही अडवलं नाही. नाही मी म्हणाले होते. त्यांनी मला ढकललं, आणि मी नाव व्हावं म्हणून खोटं बोलत आले. कॅमेऱ्यापुढेसुद्धा ते माझ्यासाठीच खोटं बोलले. हे बोलताना मला रडू आवरेना.

 मग गुरुजींनी माझ्या हातातून हळूच माइक घेतला आणि सगळ्यांकडे वळून म्हणाले, "बघा, याला म्हणतात लेक. गेलेल्या बापाचा दोष तिने आपल्या अंगावर घेतला."

पुण्यानुमोदनाला कुणी टाळ्या वाजवत नाही. त्या दिवशी वाजल्या. समोर तीन-चार मोबाइल वर धरलेले दिसत होते. आई तेवढी हात मांडीवर ठेवून बसली होती.

"न्हाई हो, खरं सांगून राहिले मी," असं ओरडत मी पुन्हा माइककडे गेले, तर शेजारच्या मावशीने मला धरून खाली बसवलं. पाण्याचा गिलास हातात देऊन ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"पुरे आता, माय," ती म्हणाली. "लई झाकलंस बापाला."