डाळिंबवाली देवी

आज मिशिगनमधल्या ट्रॉय गावातल्या माझ्या घरी डाळिंब सोलताना बोटं लाल झाली आणि ॲन आर्बरमधली ब्याऐंशीची संक्रांत आठवली. हळदीकुंकवाला देवीची तसबीर नव्हती, म्हणून मी गराज सेलमधून आणलेलं जुनं फ्रेंच छापील चित्र मांडलं. अंधाऱ्या दारात उभी बाई, हातात डाळिंब. मला ती देवीच वाटली. तिला कुंकू लावलं, डाळिंबाच्याच दाण्यांचा नैवेद्य दाखवला.

प्रसाद वाटून झाल्यावर आमची अमेरिकन घरमालकीण चित्रासमोर थबकली. "ही ग्रीक पुराणातली पाताळाची राणी," ती हळूच म्हणाली. "तिथले दाणे खाल्ले, म्हणून हिला आईकडे कायमचं परतता आलं नाही."

सगळ्या हसल्या. मी "दोनच वर्षं, मग येतेच," असं आईला सांगून निघाले होते. बाहेर बर्फाने रस्ता पुसून टाकला होता, आणि दाणे मी केव्हाच गिळले होते.